महाबली देहाचे आकर्षण आणि त्याची किंमत : हेवीवेट मुष्टियुद्ध व मराठवाड्यातील कुस्ती

प्रस्तावना :

मराठीत कुस्तीविषयी झालेले लेखन बहुतांशी गौरवपर आहे. लाल माती, वस्तादाचा धाक आणि शड्डूचा आवाज यांच्याभोवती ते फिरत राहते. याउलट व्यावसायिक हेवीवेट मुष्टियुद्धाचा उल्लेख पाश्चात्त्य भोगवादी क्रौर्याचा नमुना म्हणून केला जातो. कुस्ती म्हणजे संस्कार आणि मुष्टियुद्ध म्हणजे बाजार, अशी ही सोयीची विभागणी आहे. ती कितपत टिकते, हे लातूर-नांदेड परिसरातील कुस्तीच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आकर्षणाचे स्वरूप :

हलक्या वजनगटातील विजेता हा त्या गटातील श्रेष्ठ मल्ल ठरतो. हेवीवेट विजेत्याकडे मात्र लोक सर्वांहून बलवान माणूस म्हणून पाहतात. १९७४ मध्ये किन्शासा येथे मुहम्मद अली व जॉर्ज फोरमन यांना प्रत्येकी ५० लाख डॉलर देऊ करण्यात आले, त्यामागे हेच कुतूहल होते.

महाराष्ट्रातील लोकमानसही याला अपवाद नाही. आजच्या नियमांनुसार ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा ८६ ते १२५ किलोच्या गटातील मल्लालाच मिळते. १९६९ च्या लातूर अधिवेशनात निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदक आणि १९७२ चा ‘रुस्तुम-ए-हिंद’ किताब यांनी त्यांच्या कीर्तीवर कळस चढवला. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी अनेक मल्ल घडवले. त्यांच्या तालमीत वाढलेल्या बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. खाशाबा जाधव यांचे १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिकमधील कांस्यपदकही ५७ किलो गटातीलच होते. आजच्या मोजमापाने या दोन्ही देहांना गदेच्या लढतीत उतरताच आले नसते. खेळाचे श्रेष्ठत्व एक आणि गर्दीचे श्रेष्ठत्व दुसरे, हे यावरून स्पष्ट होते.

सिद्धांताची मर्यादा :

रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या ग्रंथात मुष्टियुद्ध व कुस्ती यांतील भेद मांडला आहे. मुष्टियुद्धाच्या निकालाला महत्त्व असते, तर कुस्तीत प्रत्येक क्षणाचा अभिनय महत्त्वाचा असतो, असे त्यांचे विवेचन आहे. परंतु बार्थ यांच्यासमोरची कुस्ती फ्रान्समधील नाट्यमय, पूर्वनियोजित लढतींची होती. निकाली कुस्तीला हा सिद्धांत जसाच्या तसा लावता येत नाही, कारण हलगीच्या कडकडाटात जमलेला प्रेक्षक चितपटीचीच वाट पाहत असतो. जॉइस कॅरोल ओट्स यांनी ‘ऑन बॉक्सिंग’ (१९८७) मध्ये मुष्टियुद्धाला जीवनाचे रूपक मानण्यास नकार दिला, ही भूमिका अधिक उपयुक्त वाटते. रूपक केले की देह नजरेआड होतो. ‘लाल माती’ या शब्दांचे मराठीत नेमके हेच झाले आहे.

धोक्याचे दोन प्रकार :

दोन्ही खेळांतील धोका समान आहे, असेही म्हणता येणार नाही. मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्याच्या मेंदूला हादरा देणे हे विजयाचे साधन आहे. डोक्यावरील वारंवार आघातांनी मुष्टियोद्ध्यांमध्ये दिसणाऱ्या विकाराची नोंद हॅरिसन मार्टलँड या वैद्यकाने १९२८ मध्येच केली होती. १९७५ च्या मनिला येथील लढतीत जो फ्रेझर यांचे प्रशिक्षक एडी फच यांनी चौदाव्या फेरीनंतर लढत थांबवली आणि जगज्जेतेपदापेक्षा शिष्याचा जीव मोठा मानला. त्या लढतीचे विजेते अली यांना १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. त्या आजारात ठोशांचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. मात्र विजेत्याचा देह सुरक्षित राहतो, हा समज त्यानंतर टिकला नाही.

कुस्तीत पाठ टेकली की लढत संपते. मोडलेले कान, गुडघ्याची व मानेची दुखापत हे त्या खेळाचे उद्दिष्ट नव्हे. हा नैतिक फरक मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. तथापि कुस्तीतील मोठा धोका हौद्यात नसून हौद्याबाहेर आहे.

माळेगावच्या खंडोबा यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत चमकलेल्या मुलाला पुण्याला किंवा कोल्हापूरला तालमीत ठेवले जाते. दूध, तूप, बदाम यांचा खुराक कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नातून पुरवावा लागतो. तिशीच्या आसपास देह थकू लागतो. पोलीस दलात किंवा खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी मिळाली तर ठीक. अन्यथा व्यायाम सुटतो, वजन राहते आणि शिक्षण तर आधीच मागे पडलेले असते. मुष्टियोद्ध्याच्या देहाची किंमत निदान करारात लिहिलेली असते. मल्लाच्या देहावर खर्च झालेला पैसा व वर्षे कुठेच लिहिली जात नाहीत. त्यांना निष्ठा म्हटले जाते.

ज्या लातूरने गुणवत्ता यादीचा ‘पॅटर्न’ राज्याला दिला, तेथे ही गोष्ट समजणे अवघड नसावे. फलकावर यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र लागते आणि उरलेल्यांची गणना होत नाही. तालमीतही एका बिराजदारांमागे किती मुले रिकाम्या हातांनी गावी परतली, हे कोणी मोजलेले नाही.

समारोप :

कुस्ती मुष्टियुद्धापेक्षा मानवी आहे, हे विधान खरे आहे. पण अपुरे आहे. खेळाचे नियम मानवी असूनही त्याच्याभोवतीची व्यवस्था निष्ठुर असू शकते. संस्कार आणि बाजार या विभागणीने ही निष्ठुरता झाकली जाते. पराभूत मल्लाचे उत्तरायुष्य हा मराठी समीक्षेचा विषय झाला, तरच गदेच्या गौरवाला अर्थ येईल. महाविद्यालयांपुरते बोलायचे, तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पदक आणणाऱ्या विद्यार्थ्याचा सत्कार होतो, त्याच वेळी त्याची पदवी पूर्ण होते आहे का, हेही पाहिले गेले पाहिजे. मनिलात फच यांनी जे केले, तेच वस्तादाचे आणि शिक्षकाचेही काम आहे.