दोन तासांची मात्रा

रिचर्ड मेबी यांच्या ‘नेचर क्युअर’ (२००५) या नावावरून तुम्हाला निसर्गोपचार केंद्र आठवलं, तर फसाल. तीव्र नैराश्यातून सावरत हा निसर्गलेखक चिल्टर्न टेकड्यांमधलं जुनं घर सोडून ईस्ट अँग्लियाच्या सपाट मुलखात येतो, त्याची ही कहाणी.

२०१९च्या एका अभ्यासाने इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून आठवड्याला निसर्गातले दोन तास आणि चांगलं आरोग्य यांचा संबंध दाखवला. तेव्हापासून तो आकडा औषधाच्या मात्रेसारखा सांगितला जातो. मेबींचा अनुभव निराळा: निसर्गात स्वतःला विसरून नव्हे, तो कल्पनेत पुन्हा जागा झाल्यामुळे ते बरे झाले.

मात्र इथली झाडं-पाखरं त्यांना लहानपणापासून नावानिशी ठाऊक. पळस-बहावा ओळखणाऱ्या आपल्याला हॉथॉर्न परका. ही अडचण पुस्तकात येत नाही. तेव्हा पुस्तक वाचाच, पण घड्याळ लावण्याआधी दारापुढच्या झाडाचं नाव विचारून घ्या.