नळाचं पाणी चालेल का?

गेल्या ऑगस्टमध्ये बर दुबईत मावसभावाकडे चार दिवस राहिले होते. घरात पाच महिन्यांचं बाळ. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डिस्पेन्सरवर पाच गॅलनचा कॅन उलटा लावलेला, शेजारी रिकाम्या कॅनची रांग. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनवाला आलाच नाही. वहिनीने हातात दुधाची बाटली धरून मला विचारलं, “अगं, तू पाण्यावरच पीएचडी केलीस ना? मग सांग, बाळाच्या दुधाला नळाचं पाणी चालेल का?”

मी म्हटलं, “उकळून घे, चालेल.” मग “पण” म्हटलं. मग टाकी कुठे आहे, शेवटची कधी धुतली, असं विचारत बसले. तिला दोन्ही माहीत नव्हतं. “म्हणजे तुलाही नक्की सांगता येत नाही,” असं म्हणून तिने दादाला खालच्या ग्रोसरीतून बाटल्या आणायला पिटाळलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. चुकतोय तो आपण सगळे, म्हणजे संशोधक, सरकारी खाती, प्रवासाच्या टिपा देणारे आणि व्हॉट्सॲपवर मार्गदर्शन करणारे काका, हा प्रश्न ज्या पद्धतीने सोडवतो ती पद्धत. आजचा लेख तिच्यावरच आहे.

तुम्ही दुबईत नवीन असाल तर ठरलेलं उत्तर ऐकलं असेल: “इथलं पाणी डब्ल्यूएचओच्या निकषांत बसतं, पिऊ शकता. पण सगळे बाटलीचंच पितात.” ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण ती एकत्र का आणि कशी राहतात, हे कुणी सांगत नाही.

आधी पहिलं वाक्य घेऊ. जागतिक आरोग्य संघटना कुठल्याही शहराच्या पाण्याला प्रमाणपत्र देत नाही. ती मार्गदर्शक मूल्यं देते आणि त्यांवरून आपापले नियम ठरवण्याचं काम देशांवर सोडते. शिवाय २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती स्पष्टपणे सांगते आहे, की शेवटी नमुना तपासून पास-नापास ठरवणं पुरेसं नाही. नमुन्याचा अहवाल येईपर्यंत पाणी पिऊन झालेलं असतं. म्हणून उगमापासून पेल्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर काय बिघडू शकतं आणि ते कोण बघतं, याचा आराखडा करा, असं तिचं म्हणणं आहे. थोडक्यात, “डब्ल्यूएचओच्या निकषांत बसतं” हे वाक्य डब्ल्यूएचओचाच मुख्य मुद्दा गाळून वापरलं जातं.

आता उगम पाहू. दुबईचं वीज-पाणी खातं म्हणजे ‘देवा’ (मराठी माणसाला हे नाव पहिल्यांदा ऐकून हसू येतंच). जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं, जेबेल अलीच्या प्रकल्पांत गोडं केलेलं. क्षमता रोज सुमारे ४९० दशलक्ष गॅलन, म्हणजे दोन अब्ज लिटरहून जास्त. यातला मोठा भाग आजवर ऊर्ध्वपातनाने तयार होत आला आहे. समुद्राचं पाणी तापवून, दाब कमी करत टप्प्याटप्प्याने त्याची वाफ करायची आणि ती वाफ थंड करून पाणी गोळा करायचं. उरलेला भाग आरओचा, आणि तो वाढतो आहे. वाफेपासून मिळालेल्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. असं पाणी ‘भुकेलेलं’ असतं, पाइपातला धातू आणि सिमेंट खातं. म्हणून त्यात चुनखडी आणि कार्बन डायऑक्साइड वापरून पुन्हा थोडे क्षार घालावे लागतात, आणि मग क्लोरीन.

इथे खरे तांत्रिक प्रश्न आहेत. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. क्लोरीनचं द्रावण समुद्राच्याच पाण्यापासून बनवलं, तर त्यातून ब्रोमेट तयार होऊ शकतं. त्याची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. आरओच्या पडद्यातून बोरॉन सहज निसटतं, त्याची मर्यादा २.४ मिलिग्रॅम. या गोष्टी प्रकल्पातल्या लोकांना माहीत असतात आणि त्यांच्यावर सतत नजर असते. कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी हा या साखळीतला सगळ्यात जास्त पाहिला जाणारा दुवा आहे, आणि तिथवर माझी फारशी तक्रार नाही.

माझी तक्रार मीटरनंतरची आहे. पाणी इमारतीत शिरतं, बहुतेक ठिकाणी तळघरातल्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग तुमच्या नळाला येतं. टाकी इमारतीच्या मालकाची. दुबई महापालिकेच्या नियमानुसार ती वर्षातून दोनदा, मान्यताप्राप्त कंपनीकडून साफ करून घ्यायची असते. हे तुम्हाला नवीन नाही. “उद्या टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा” ही नोटीस पुण्या-ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीत वाचत आपण मोठे झालो. फरक इतकाच, की तिथे सेक्रेटरीचं दार ठोठावता यायचं. इथे बहुतेकांना मालक कोण तेही ठाऊक नसतं.

त्यात ऑगस्ट. तुम्ही इथे राहत असाल तर जाणता, की उन्हाळ्यात थंड नळालाही गरम पाणी येतं, आणि लोक गीझर बंद करून त्यात साठलेलं पाणी ‘थंड’ म्हणून वापरतात. तापलेल्या पाण्यात क्लोरीन लवकर संपतं. साधारण २५ ते ४५ अंशांच्या कोमट, साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू खुशाल वाढतो. तो पिण्यातून नव्हे, शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. म्हणजे प्यायला महागातली बाटली आणली, तरी आंघोळ त्याच टाकीच्या पाण्याने करायची असते. ‘पिण्यायोग्य आहे का’ एवढंच विचारल्यावर ही बाजू नजरेआड होते.

आता आमच्या जमातीबद्दल. पाण्याचे नमुने घेताना बऱ्याचदा आधी काही मिनिटं नळ सोडून ठेवतात. मीही ठेवायचे. त्यामुळे मुख्य वाहिनीतलं पाणी मिळतं, आणि प्रश्न वाहिनीचा असेल तर ते योग्यच. पण रात्रभर घरच्या पाइपात उभं राहिलेलं पाणी, म्हणजे वहिनी पहाटे पाच वाजता पातेल्यात घेते ते, निघून जातं. अमेरिकेत फ्लिंटचं शिशाचं प्रकरण घडल्यावर तिथल्या पर्यावरण संस्थेला २०१६ मध्ये लेखी सांगावं लागलं, की आदल्या रात्री नळ वाहता सोडून मग नमुना घेण्याची पद्धत वापरू नका, त्याने शिसं कमी दिसतं. नमुना कधी आणि कुठून घेतला हे न सांगता “सर्व मूल्यं मर्यादेत” असं लिहिणाऱ्या अहवालावर तुम्ही किती भरवसा ठेवाल?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने राजधानीच्या शहरांतलं नळाचं पाणी तपासून क्रमवारी जाहीर केली. मुंबईचे दहाच्या दहा नमुने पास झाले, दिल्ली नापास. मुंबईकरांनी ती बातमी अभिमानाने फिरवली, मीही फिरवली. नंतर लक्षात आलं: कोटीभर वस्तीच्या शहरातून दहा नमुने! ते खोटे नव्हते. पण त्यांवरून ‘मुंबईचं पाणी’ असं काही बोलणं म्हणजे दहा घरांत जेवून मराठी स्वयंपाकावर निकाल देणं.

एकच आकडा दोन ठिकाणी दोन अर्थांचा असतो, हे मी नेदरलँड्समध्ये शिकले. तिथे नळाच्या पाण्यात क्लोरीन शून्य असतं, मुद्दामच. पाणी आधीच इतकं शुद्ध केलेलं आणि पाइप इतके जपलेले असतात, की क्लोरीनची राखण लागत नाही. तेच शून्य बर दुबईच्या गच्चीवरच्या टाकीत मिळालं तर माझी झोप उडेल. डब्ल्यूएचओच्या मते क्लोरीन घातलेल्या पाण्यात ते ग्राहकापर्यंत पोहोचताना लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं असावं.

आकड्यांवरून आठवलं, टीडीएस. भारतातून येताना बॅगेत टीडीएस मीटर घेऊन आलेले निदान चार जण मला माहीत आहेत. हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. बस. जिवाणू त्याला दिसत नाहीत. धोकादायक पातळीचं शिसं किंवा ब्रोमेट इतकं कमी असतं, की मीटरचा आकडा हलतही नाही. आणि फिल्टर विकणारा दोन सळया पाण्यात बुडवून वीज सोडतो, तेव्हा जो तपकिरी गाळ दिसतो तो त्या सळयांचाच गंज असतो. त्याच्या आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून गाळ नाही. आपल्या आईवडिलांनी याच खेळाला भुलून यंत्रं घेतली.

मग बाटली? २००४ मध्ये ब्रिटनमध्ये कोका-कोलाने आपल्या ‘दसानी’च्या सुमारे पाच लाख बाटल्या परत मागवल्या. पाणी नळाचंच होतं आणि कंपनीच्या प्रक्रियेनंतर त्यात मर्यादेबाहेर ब्रोमेट सापडलं होतं. आणखी जवळचं उदाहरण पुण्याचं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने तिथल्या खासगी आरओ प्रकल्पांचं पाणी तपासलं आणि पिण्यास अयोग्य ठरलेले प्रकल्प बंद केले. लोक नळाला घाबरून ज्या जारकडे वळले होते, त्याच जारबद्दल ही गोष्ट आहे. प्रत्येक बाटली वाईट असते असं मी म्हणत नाही. पण बाटलीतल्या पाण्यालाही एक टाकी, एक ट्रक आणि ट्रकवर पडणारं एक ऊन असतं. आपण ते पाहत नाही, इतकंच.

बाटलीची दुसरी किंमत मला जास्त खुपते. ज्यांना परवडतं ते सगळे कॅन घेतात, त्यामुळे टाकीबद्दल विचारायला कुणी उरत नाही. दुबईत नळाचं हजार लिटर पाणी पहिल्या टप्प्याच्या दराने, अधिभार सोडून, आठ दिरहमच्या आत मिळतं. एका कॅनला साधारण तेवढे किंवा जास्तच जातात, आणि त्यात पाणी १९ लिटर. तुमच्याच इमारतीत एका खोलीत सहा-सहा जण राहतात. महिन्याअखेरी गावी पैसे पाठवणारा ड्रायव्हर किंवा सफाई कामगार तोच नळ उघडतो. आपण कॅन घेऊन आपल्यापुरता प्रश्न मिटवतो आणि त्याच्या पाण्याचं काय ते टाकीवर सोडून देतो. २०२२ पासून ‘दुबई कॅन’ मोहिमेत शहरात ठिकठिकाणी पाणी भरून घ्यायची केंद्रं बसवली, ती प्लास्टिक कमी करायला चांगलीच आहेत. पण तेवढ्याने तुमच्या गच्चीवरचं झाकण कुणी उघडून पाहत नाही.

तेव्हा ‘दुबईचं पाणी चालेल का’ हे विचारायचं सोडून द्या. शारजा, अजमान, अबू धाबीतल्यांनीही. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: टाकी कुठे आहे, शेवटची कधी धुतली आणि त्याचा कागद कुठे आहे. एप्रिल २०२४ च्या पावसात अनेक तळघरांत पाणी शिरलं होतं, त्यांपैकी तुमचं होतं का, हेही विचारा. सकाळी पहिलं पाणी थोडं सोडून द्या आणि ते झाडांना घाला. उकळल्याने जंतू मरतात, शिसं आणि ब्रोमेट जात नाही, हे लक्षात ठेवा. आणि बाळाच्या दुधाची पावडर स्वतःच निर्जंतुक नसते. म्हणून पाणी नळाचं असो वा बाटलीचं, ते उकळून, ७० अंशांच्या खाली जाण्याआधीच त्यात पावडर मिसळायची आणि मग बाळाला सोसेल इतकं निवू द्यायचं. वहिनीला त्या सकाळी हेच आधी सांगायला हवं होतं. मी ब्रोमेटवर बोलत बसले.

मी निघाल्यावर दादाने इमारतीच्या नातूरला, म्हणजे वॉचमनला, गाठलं. त्याने ऑफिसचा नंबर दिला. ऑफिसने आठवडाभराने एक कागद पाठवला, त्यावर शेवटची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची. दादाने शेजारच्या केरळी आणि फिलिपिनो कुटुंबांना तो दाखवला, तिघांनी मिळून ईमेल केला. दहा दिवसांनी टाकी धुतली गेली. तरणतलावासाठी मिळतात तशा क्लोरीनच्या पट्ट्याही त्याने आणल्या, आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरलेल्या पट्टीचा फोटो मला पाठवला. रंग आला होता.

खाली वहिनीचा मेसेज: “आता तरी चालेल?”

“हो. उकळून.”

तिने अंगठा पाठवला. कॅन अजून बंद केलेला नाही, पण आता दोनऐवजी एकच येतो. तुमच्या टाकीची तारीख मिळाली तर आम्हाला कळवा, आणि मिळाली नाही तर तेही कळवा.