खुल्या लहरी, बंद चिप

हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायचा रेडिओ. त्याचा एक जुना दंडक आहे. दोन देशांतल्या हॅमनी एकमेकांशी बोलताना अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही, असं आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीचं २५वं कलम सांगतं. याच नियमावलीत या सेवेच्या व्याख्येत ‘स्वतः शिकणं’ हा हेतू लिहिलेला आहे. मग डी-स्टारचं काय करायचं?

डी-स्टार ही जपानच्या हॅम संघटनेने पुढे आणलेली डिजिटल पद्धत. तिची रचना प्रसिद्ध आहे, कुणीही वाचावी. आवाजाचा भाग येतो तिथे मात्र दार बंद होतं. दर २० मिलीसेकंदांचं बोलणं ४८ बिटांत कोंबलं जातं. ते कसं, हे ठरवते एएमबीई नावाची पद्धत. तिची मालकी एका अमेरिकन कंपनीकडे, आणि ती मिळते मुख्यतः चिपच्या रूपात. डीएमआर आणि सिस्टिम फ्यूजन या पद्धतींतही तिचीच पुढची आवृत्ती आहे. ज्या छंदात माणसं व्हॉल्व्ह, कॉइल आणि तारा जोडून रेडिओ घरी बनवत आली, तिथे स्वतःचाच आवाज एका काळ्या डबीत जातो आणि बाहेर पडतो. मधे काय झालं ते विचारायचं नाही.

बचाव ठरलेला: चिप कुणालाही विकत मिळते, मग गुपित कसलं? कायद्याच्या बाजूने हे बरोबर आहे, कारण अर्थ लपवण्याचा हेतूच नाही. पण व्याख्येत ‘शिकणं’ म्हटलंय, ‘विकत घेणं’ नव्हे. बाहेरच्या लोकांनी ही पद्धत उकलून सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा सोबत पेटंटचा इशारा जोडावा लागला. हौशी माणसाने वकिलाला विचारून प्रयोग करायचे का?

डी-स्टार घडवणाऱ्यांना मी फार दोष देत नाही. त्यांच्यासमोर इतक्या कमी बिटांत चालणारा खुला पर्याय नव्हता. आज आहे. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड रो यांनी कोडेक २ लिहिला. सेकंदाला ३२०० बिटांपासून ७०० बिटांपर्यंत उतरणारा, आणि सगळा कोड उघडा. पोलंडमध्ये सुरू झालेली एम१७ ही पद्धत त्याच्यावरच उभी आहे. अडचण एवढीच की दुकानात तयार मिळणारे हँडसेट बहुतेक डीएमआरचे, स्वस्त आणि चिनी. नवा माणूस तेच घेतो, मीही तेच घेतलं असतं.

खुलेपणाने काय होतं ते पाहायचं तर एफटी८ बघा. खगोलशास्त्रज्ञ जो टेलर (१९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते) आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये ती आणली. आवाज नाही, फक्त छोटे मजकूर, पण गोंगाटात बुडालेला संदेशही ती वाचते. कोड उघडा असल्यामुळे इतरांनी ती अँड्रॉइड फोनवरही आणली. परवान्याचा अभ्यास करणारी कॉलेजची पोरगी आज रात्री तो कोड उघडू शकते, एक ओळ बदलून काय बिघडतं ते पाहू शकते. एएमबीईच्या चिपचे तिला फक्त पाय मोजता येतील.