मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका

9 एप्रिल 2024, गुढीपाडवा. आई काठीला साडी बांधत होती आणि मी आंघोळ न करता लॅपटॉपसमोर बसलो होतो. अमेरिकेत अजून 8 तारखेची रात्र होती. ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला कॉलेज बास्केटबॉलची फायनल चालू होती, पर्ड्यू विरुद्ध यूकॉन. हाफटाइमला आम्ही 36-30 असे सहाने मागे होतो. तेवढ्यात जाऊन गुढी उभारली आणि परत येऊन बसलो. नऊच्या सुमारास सगळं संपलं. 75-60. हरलो.

‘आम्ही’ म्हणतोय खरा, पण मी पर्ड्यूत शिकलेलो नाही. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधला माझा रूममेट तिथे एमएसला गेला आणि त्याच्या मेसेजेसमधून हा संघ माझ्या गळ्यात पडला. इंडियाना राज्यातलं, इंजिनिअरिंगसाठी नावाजलेलं, भारतीय पोरांनी भरलेलं विद्यापीठ. संघ वर्षभर झकास खेळणार आणि मार्चमध्ये माती खाणार, हा शिरस्ता.

मार्चची स्पर्धा म्हणजे 68 संघ, आणि एक सामना हरलात की घरी. चार विभाग, प्रत्येकात 1 ते 16 मानांकनं. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवलंय ते आजवर दोनदाच. 2018 मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला आणि 2023 मध्ये एफडीयूने पर्ड्यूला. आमच्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक एडी, देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. समोरचा संघ सरासरी उंचीत सगळ्यात बुटका. त्यांनी एडीला पुढून-मागून घेरलं आणि बाकीच्यांना सांगितलं, मारा लांबून. आमच्या पोरांनी तीन गुणांच्या 26 फेकी मारल्या. आत गेल्या 5. हरलो 63-58.

त्यानंतर कोच मॅट पेंटरने जे केलं ते मला आजही आवडतं. त्याने पाया हलवला नाही. ज्या ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयरला लोक ‘अजून लहान आहेत’ म्हणून हिणवत होते, तेच गार्ड म्हणून परत उतरले. बाहेरून मुख्य भर पडली ती लान्स जोन्सची, सदर्न इलिनॉयमधून आलेला चपळ गार्ड. हंगाम सुरू झाला आणि हा संघ तीन गुणांच्या फेकींत देशातल्या सर्वांत अचूक संघांपैकी एक झाला. आता एडीला घेरलं की तो चेंडू बाहेर द्यायचा आणि बाहेरचा पोरगा तो आत टाकायचा. तेव्हा पहिल्या क्रमांकावर असलेल्या ॲरिझोनाला हरवलं, सलग दुसऱ्या वर्षी बिग टेनचं विजेतेपद मिळवलं, 1980 नंतर प्रथमच शेवटच्या चार संघांत पोचलो. पूर्ण हंगामात 34 विजय, 5 पराभव.

एडीबद्दल आमच्या ग्रुपवर वेगळीच आपुलकी होती. तो टोरांटोचा, म्हणजे कॅनडियन, म्हणजे माझ्या रूममेटसारखाच स्टुडंट व्हिसावर. कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून पैसे मिळवायची मुभा 2021 मध्ये मिळाली. पण व्हिसावर असलेल्याला अमेरिकेत तशी कामं घेणं अवघड. रूममेट कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांचं काम करायचा, त्याहून जास्त करायची परवानगी नव्हती. ‘देशातला सर्वोत्तम खेळाडू आणि मी, दोघं एकाच नियमात अडकलोय,’ असं तो अभिमानाने सांगायचा.

आता मुद्द्यावर येतो. फायनलनंतर दोन मतं सगळीकडे ऐकू आली. एक, पर्ड्यू मोठ्या सामन्यात कच खातं. दुसरं, एडी एकटा लढला, बाकीचे झोपले. फायनलमध्ये एडीचे 37 गुण होते, बाकी सगळ्या संघाचे मिळून 23, त्यामुळे दुसरं मत पटकन पटतं. माझ्या मते दोन्ही चूक.

यूकॉनचा कोच डॅन हर्ली याने एफडीयूच्या बरोबर उलट केलं. एडीला घेरलंच नाही. डोनोवन क्लिंगन या आपल्या उंच खेळाडूला बहुतेक वेळ त्याच्यासमोर एकटं सोडलं आणि बाकीचे चौघं आमच्या नेमबाजांना चिकटून राहिले. एडीला दोन-दोन गुण घेऊ द्या, तीन कुणाला मिळू देऊ नका. पूर्ण सामन्यात आम्ही तीन गुणांच्या फेकी मारल्या सात. आत गेली एक. वर्षभरापूर्वी 26 मारल्या होत्या! ही पोरं झोपली नव्हती, त्यांच्यापर्यंत चेंडू मोकळा पोचतच नव्हता. आमचा अख्खा हल्ला ‘एडीला घेरतील’ या गृहीतकावर उभा होता. कुणी घेरलंच नाही तर काय करायचं, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

आणि याची सूचना आठ दिवस आधी मिळाली होती. डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध एडीने 40 गुण केले, आपण 72-66 जिंकलो, जाळी कापली, रूममेट व्हिडिओ कॉलवर रडला. मीही. त्या 40च्या आनंदात उरलेले 32 कुणी वाचलेच नाहीत. पेंटरने वाचले असतील, तो माझ्यापेक्षा हुशार आहे. पण त्याच्या संघाच्या खेळात ते दिसलं नाही. त्याच्यावर माझी तक्रार एवढीच आहे. एडी बसलेला असताना किंवा त्याच्याकडे चेंडू न देता, गार्डना पळवून, पडदे लावून त्यांच्यासाठी फेक तयार करायचा दुसरा आराखडा हंगामभरात पुरेसा रुजला नाही.

हा दोष मला ओळखीचा वाटतो. आपण सगळे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून मोठे झालो. ऑफिसातही एक बग सापडला की तो परत येऊ नये म्हणून टेस्ट लिहितो आणि निर्धास्त होतो. ती टेस्ट जुन्या बगपुरतीच असते. पर्ड्यूने 2023 चा पेपर इतका सुंदर सोडवला की त्यात सगळे गुण मिळाले असते. हर्लीने पेपर बदलला.

तरी 34 विजयांचा हंगाम एका सामन्यावरून ‘फेल’ ठरवायला मी तयार नाही. एफडीयूपुढे आम्ही स्वतःच्या हाताने पडलो होतो. यूकॉनने सलग दुसऱ्यांदा विजेतेपद मिळवताना आम्हाला विचार करून हरवलं. या दोन हरण्यांत फरक आहे, आणि तो फरक म्हणजेच या पोरांनी वर्षभरात केलेली प्रगती.

सामना संपल्यावर आईने कडुलिंबाची चटणी हातावर ठेवली आणि विचारलं, ‘हरले का रे तुझे?’ रूममेटचा मेसेज तोवर आला होता. फक्त एक आकडा : 7. त्यालाही तेच दिसलं होतं. एफडीयूच्या वेळी त्याने तीन दिवस फोन उचलला नव्हता.