तलवारीला आग लावायची की नाही?

मागच्या लेखात ‘हरलेला पर्याय’ म्हणजे काय ते पाहिलं होतं. थोडी उजळणी करू. सगळ्या निकषांवर ‘अ’ हा ‘ब’इतकाच चांगला असेल आणि एखाद्या निकषावर सरस असेल, तर ‘ब’ हरला. त्याचा विचार करण्यात वेळ घालवायचा नाही. माझ्या पीएच.डी.त बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटच्या याद्या चाळताना पहिलं काम हेच असतं. हरलेले काढून टाकले की उरलेल्यांत खरी ओढाताण सुरू होते: एकात आयन भराभर सरकतात पण ते लवकर बिघडतं, दुसरं टिकतं पण सुस्त. निवड करावी लागते ती फक्त तिथे.

आज हीच चाळणी एका खेळाला लावू. ‘पाथफाइंडर’ची दुसरी आवृत्ती पायझो कंपनीने २०१९ मध्ये काढली. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. प्रत्येकाचं एक पात्र, गोष्ट सांगायला एक गेममास्टर, आणि वार लागला की चुकला हे ठरवायला वीस बाजूंचा फासा. फाशावर आलेला आकडा अधिक तुमचा बोनस शत्रूच्या आर्मर क्लासइतका किंवा जास्त झाला की वार लागतो. दहाने जास्त झाला तर क्रिट, म्हणजे दुप्पट इजा.

शस्त्र सुधारायचं तर त्यावर रून कोरायचे. मूलभूत रून दोन: ‘पोटेन्सी’ फाशाच्या आकड्यात +१ देतो, ‘स्ट्रायकिंग’ इजेचा एक फासा वाढवतो. त्यानंतर गुणधर्माचे रून येतात. आग, वीज, बर्फ, अशी लांबलचक यादी आहे, आणि वाचताना खरोखर मजा येते.

आता गणित. चौथ्या लेव्हलचा फायटर घ्या, हातात लाँगसोर्ड. पोटेन्सी धरून बोनस +१३, समोरच्या राक्षसाचा आर्मर क्लास २१. म्हणजे फाशावर ८ ते १७ आलं तर साधा वार, १८ ते २० आलं तर क्रिट. एका वाराची सरासरी इजा ८.५. सगळ्या वीस शक्यतांची सरासरी काढली तर दर वाराला ६.८ येतात. पोटेन्सी नसता तर ५.९५. स्ट्रायकिंग लावला की थेट १०.४! साधारण दीडपट, आणि किंमत ६५ सोन्याची नाणी. आगीच्या रूनने ९.६ येतात. क्रिट बसल्यावर शत्रू पेटत राहतो ते धरलं तर आग थोडी पुढेही जाईल, त्यामुळे काटेकोर व्याख्येत ती ‘हरलेली’ नाही. पण तो रून आठव्या लेव्हलचा आहे आणि त्याची किंमत ५०० नाणी. चौथ्या लेव्हलला कोण थांबणार?

आमच्या टेबलावर एक मैत्रीण थांबणार होती. तिच्या पात्राचं गाव जळलं होतं, म्हणून तिला पेटती तलवार हवी होती, आणि त्यासाठी ती नाणी जमवत होती. मी तिला वरचंच गणित कागदावर करून दाखवलं. तिने मुकाट्याने स्ट्रायकिंग घेतला. पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर यादी न उघडताच म्हणाली, “तूच सांग काय घ्यायचं.” गणितात माझं काहीच चुकलं नव्हतं, हेच मला जास्त लागलं.

दोष माझाही आहे, पण खेळाचा जास्त. राक्षसांचे आकडे ठरवतानाच तुमच्याकडे हे दोन रून असतील असं गृहीत धरलंय. मग ते विकत घेणं ही सुधारणा कसली? ती फी झाली. पुरावा खुद्द पायझोचाच आहे. २०२० च्या ‘गेममास्टरी गाइड’मध्ये ‘ऑटोमॅटिक बोनस प्रोग्रेशन’ नावाचा पर्यायी नियम आहे. त्यात दुसऱ्या, दहाव्या आणि सोळाव्या लेव्हलला पोटेन्सीचा बोनस आपोआप मिळतो, आणि चौथ्या, बाराव्या, एकोणिसाव्या लेव्हलला इजेचा फासा वाढतो. या लेव्हल त्या रूनच्याच. जी गोष्ट दुकानातून काढून टाकली तरी खेळाचं काही बिघडत नाही, ती दुकानात ठेवलीच का?

तुलनेसाठी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची ३.५ आवृत्ती (२००३) बघा. तिथे जादूच्या बोनसची किंमत वर्गाने वाढते: +१ ला २०००, +२ ला ८०००. आणि +१ तलवारीला आग जोडली तरी ८०००च. म्हणजे किंमत सारखी. वार लागण्याची शक्यता ५५ टक्के धरू (क्रिट बाजूला ठेवू). सरासरी इजा ८.५ असेल तर +२ ने ५.७ मिळतात, आगीने ६.६. आग जिंकली. पण दोन हातांनी कुऱ्हाड चालवणाऱ्या दांडगट पात्राची इजा २५ असेल तर १५.६ विरुद्ध १५.७, जवळपास बरोबरी. ३० असेल तर +२ पुढे. शिवाय आगीला न जुमानणारे शत्रू आहेतच. पात्र बदललं की उत्तर बदलतं! ही निवड. (बाकी ३.५ चा हिशेब ठेवणं ही शिक्षा आहे, ते सोडा.)

पाथफाइंडरची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. एका शस्त्रावरचा रून किमतीच्या दहा टक्क्यांत दुसऱ्यावर हलवता येतो. त्यामुळे गुहेत भारी तलवार सापडली म्हणून आजोबांची तलवार टाकून द्यावी लागत नाही.

आम्ही आता तो पर्यायी नियम लावून खेळतो. आठव्या लेव्हलला मैत्रिणीने ५०० नाणी मोजून तलवार पेटवली. पहिल्याच लढाईत समोर आला आगीचा एलिमेंटल, ज्याला आगीने काहीही होत नाही. तिने गेममास्टरला संध्याकाळभर शिव्या घातल्या, आणि घरी जाताना पुस्तक मागून घेतलं. बर्फाचा रून किती पानावर आहे ते बघायला.