हाताने गणित, पण कुठवर?

प्राथमिक शाळेत गणित कृतीतून शिकवावे, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. मणी, चिंचोके, काड्यांचे गठ्ठे वर्गात आले, हे स्वागतार्हच आहे. 42 मधून 17 वजा करताना मूल दशकाचा एक गठ्ठा सोडते, दहा काड्या मोकळ्या करते, तेव्हा 'हातचा' म्हणजे काय हे त्याला खऱ्या अर्थाने उमगते.

परंतु आपल्या समाजात हात ही साधी गोष्ट नाही. वर्णव्यवस्थेने कष्ट एकाच्या हाती दिले आणि लेखणी दुसऱ्याच्या. शाळकरी भीमराव आंबेडकरांना गणित सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागचे डबे विटाळतील म्हणून मुलांनी धावाधाव केली, असे चरित्रकार सांगतात. आक्षेप त्यांच्या गणिताला नव्हता, हाताला होता.

म्हणूनच 'हाताने शिक्षण' या घोषणेची चिकित्सा केली पाहिजे. 1953 साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. विरोधकांनी तिला 'कुलशिक्षण' म्हटले. 1954 साली ती मागे घ्यावी लागली. श्रमाच्या गौरवाआड जातीचाच धंदा मुलाच्या गळ्यात बांधला जात होता.

आजचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. कलकत्ता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,436 मुलांचा अभ्यास 2025 साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही मुले गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी अचूक करीत. तितकेच, किंबहुना सोपे गणित शाळेच्या पद्धतीने मांडले की अडत. उलट, जवळच्या शाळांतील मुलांना कागदावरची सोपी उदाहरणे जमत. परंतु बाजारातले जे गणित एक तृतीयांशाहून अधिक कामकरी मुलांनी सोडवले, ते त्यांच्यापैकी फक्त 1 टक्का मुलांना सुटले. तेव्हा उणीव बुद्धीची नाही. बाजार आणि फळा यांच्यामध्ये पूलच बांधलेला नाही.

हा पूल बांधणे हे शिक्षकाचे काम आहे. 40 रुपये किलोची भाजी पाऊण किलो विकताना मुलगी म्हणते, 'अर्ध्याचे वीस, पावाचे दहा, झाले तीस.' शिक्षकाने तिचेच शब्द फळ्यावर मांडावेत: 20 + 10 = 30. मग त्याखाली लिहावे: 40 × ¾ = 30. आपण करतो ते अपूर्णांकाचे गणित आहे, हे तिला त्या क्षणी कळले पाहिजे.

काड्या मोजण्यावरच थांबणारे कृतियुक्त शिक्षण आपल्या मुलांना पुन्हा हातापाशीच ठेवील. सुखवस्तू घरातल्या मुलाला काड्यांपुढचे गणित शिकवणीत मिळते; आमच्या मुलांना ते शाळेतच मिळाले पाहिजे. काडी हातात द्या, आणि खडूही द्या.