औषध-समुपदेशन आणि श्रवणबाधित रुग्ण : ‘फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५’ची एक चिकित्सा

प्रस्तावना

डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध रुग्णाने प्रत्यक्षात कसे घ्यावे, हे बहुधा औषधाच्या दुकानातील दोन मिनिटांच्या बोलण्यावर ठरते. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या नियमावलीने या बोलण्याला ‘रुग्ण-समुपदेशन’ म्हणून फार्मासिस्टच्या कर्तव्याचा दर्जा दिला, ही तिची निःसंशय जमेची बाजू होय. तथापि ज्याला ते बोलणे ऐकूच येत नाही, त्या रुग्णाचे या तरतुदीत स्थान कोणते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५०.७ लाख नोंदली गेली. त्यामुळे हा प्रश्न अपवाद म्हणून बाजूला सारता येत नाही.

तरतुदीमागील गृहीतके

नियमावलीनुसार फार्मासिस्टने रुग्णाशी किंवा त्याची काळजी घेणाऱ्या व्यक्तीशी स्वतः चर्चा सुरू करावयाची असते. औषधाची मात्रा, कालावधी, दुष्परिणाम, साठवण, एखादी मात्रा चुकल्यास करावयाची कृती इत्यादी तपशील तीत अपेक्षित आहेत. आशयाबाबत इतकी काटेकोर असलेली ही तरतूद माध्यमाबाबत मात्र मोघम आहे. चर्चा शक्यतो समक्ष, अन्यथा दूरध्वनीवरून व्हावी, एवढेच ती सांगते. कर्णबधिर रुग्णासाठी यांतील दुसरा मार्ग निरुपयोगी आहे आणि पहिला मार्ग फार्मासिस्टच्या तारतम्यावर सोडलेला आहे.

‘किंवा’ या शब्दाचा परिणाम अधिक गंभीर आहे. सोबत कोणी ऐकणारे असले की बोलण्याचा रोख आपोआप त्या व्यक्तीकडे वळतो. रुग्ण प्रौढ आणि सुशिक्षित असूनही स्वतःच्या उपचारात तिऱ्हाईत ठरतो. त्याचा आजार भावजयीला किंवा शाळकरी मुलाला आधी कळतो. सोबत कोणी नसेल तर आवाज चढवला जातो. त्याने ओठांची हालचाल विकृत होते आणि आजाराची वार्ता मात्र रांगेतील सर्वांना कळते. रुग्णाने समुपदेशन नाकारल्यास फार्मासिस्टला त्यातून सूट आहे. परंतु संकोचाने डोलावलेली मान ही समजल्याची खूण की सुटका करून घेण्याची, याचा निर्णय कोणी करावयाचा, हे स्पष्ट होत नाही.

लेखन हा पुरेसा पर्याय आहे काय?

‘लिहून दिले की झाले’ हे उत्तर अपुरे आहे. उतारवयात ऐकू कमी येऊ लागलेला रुग्ण मराठी सहज वाचतो. त्याची अडचण ‘सहा थेंब’ आणि ‘दहा थेंब’ यांतील एका व्यंजनाची असते. त्याच्यासाठी ठळक अक्षरांतील चिठ्ठी पुरेशी ठरू शकते. जन्मतः कर्णबधिर असून भारतीय सांकेतिक भाषेत वाढलेल्या व्यक्तीसाठी मात्र लिखित मराठी ही बहुधा दुसरी भाषा असते, कारण सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीहून स्वतंत्र आहे. ‘१-०-१’ ही प्रचलित खूण दोघांनाही कळते. परंतु ‘जेवणानंतर’ किंवा ‘आठवड्यातून एकदाच’ हे ती सांगू शकत नाही. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची मात्रा चुकून रोज घेतली गेल्यास ती प्राणघातक ठरू शकते. संवादातील उणीव येथे शिष्टाचाराची राहत नाही, सुरक्षिततेची होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २ मधील ‘संप्रेषण’ या संज्ञेत लिखित मजकूर, दृश्य साधने, सोपी भाषा आणि सांकेतिक भाषा यांचा स्पष्ट समावेश आहे. नियमावली या कायद्याच्या आधीची असल्याने तिला तो दृष्टिकोन उपलब्ध नव्हता, असे म्हणता येईल. मात्र अधिनियमानंतरही समुपदेशनाचा अर्थ ‘तोंडी सांगणे’ एवढाच घेत राहणे समर्थनीय ठरत नाही.

समारोप

समुपदेशनाचे मोजमाप फार्मासिस्टने काय सांगितले यावर न करता रुग्णाला काय कळले यावर व्हावयास हवे. दिनदर्शिकेवर नेमका वार खुणावणे, चित्रांकित चिठ्ठी देणे आणि शेवटी औषध कधी व किती घेणार हे रुग्णाकडूनच खुणेने किंवा लिहून दाखवून घेणे, यांसाठी फारसा खर्च लागत नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकांत याचा सराव घेतल्यास नियमावलीतील दुरुस्तीची वाट पाहावी लागणार नाही. दुरुस्ती होईल तेव्हा मात्र तीत ‘रुग्णाला समजेल अशा माध्यमातून’ हे शब्द असणे अगत्याचे आहे.